बोया गप्प झाला, आणि नाव माझं

...आणि वर मलाच म्हणतात, "लायल, जोडणी ढिली ठेवलीस!" मी? अहो, बावीस वर्षं ओरेगनच्या किनाऱ्यावर हवामान मोजणाऱ्या बोयांचे अँटेना बसवतोय, माझी जोडणी ढिली? तुम्हाला सांगतो, वीस मैल आत समुद्रात एकटा तरंगतो बिचारा बोया, पण उपग्रहाला कळवणार म्हणजे कळवणार: लाटा इतक्या, वारा इतका. दर तासाला, बरं का! माझा सख्खा मुलगा वर्षातून एक फोन करतो!

आणि ऑगस्टात, ऐन ट्यूनाच्या दिवसांत, गप्प! सगळं बंदर माझ्या अंगावर. सगळ्यात मोठा गळा कुणाचा? माझ्या मेहुण्याचा, डेल्बर्टचा! "दाजी, लाटा कळल्याशिवाय बोट बाहेर काढायची कशी? तुमचा बोया म्हणजे नुसती शोभा!" आणि हे बोलतोय कुठे? माझ्याच अंगणात, माझ्याच शेगडीवर ट्यूना भाजत! मी आपला मान खाली घालून खातोय... दोनदा वाढून घेतला हो! तिकडे ऑफिसातल्या प्रुइट बाई फोनवर, बर्फासारख्या गार: "जोडणीच ढिली निघाली, तर पुढचं काम दुसऱ्याकडे."

गेलो जहाजाने. बघतो तर काय, अँटेना बुडापासून वाकलेला, त्यात दोराचा तुकडा अडकलेला. कुणीतरी बोट बांधली होती! बोयाखाली मासा जमतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दोर? पिवळा, मधे लाल धागा... अहो, नाताळात डेल्बर्टला मीच दिलेला! मी! दर तासाला बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं, ते माझ्याच दोराने!

धक्क्यावर गाठला त्याला. तर म्हणतो कसा, "दाजी, अँटेना जरा कच्चाच होता. पण मासा काय लागला तिथे! तुम्हीच खाल्लात की!" आणि नॉर्मा, माझी बायको, त्याची बहीण, डोळ्यांत पाणी आणून: "खरं लिहू नकोस रे, मासेमारीचा परवाना जाईल त्याचा!" माझी नोकरी जाईल त्याचं काय?

शेवटी अहवालात लिहिलं, 'बोयावर मोठा समुद्रसिंह चढला असावा.' प्रुइट बाई विचारतात, "केवढा मोठा?" म्हटलं, "बाई, अडीचशे पौंडांचा, मिशाळ, आणि लाज अजिबात नाही."

पटलं बाईंना! नोकरी वाचली. वर हुकूम आला, अँटेनाभोवती पोलादी कठडा घाला. घातला, स्वतःच्या हातांनी. बोलतोय बोया पुन्हा, दर तासाला, बरं का!

आणि काल डेल्बर्ट दारात, हातात हा एवढा ट्यूना. "दाजी, कठडा काय दणकट केलात! तीन बोटी बांधल्या, जागचा हलला नाही!"

...काय करता? शेगडी पेटवली.