पुलाच्या दोन तारा

मुलगी : रबर द्या साहेब, मी आत्ता इथे बसून खोडते.

पारखी : हात लावू नका. कसं आहे ताई, कलाकाराची सहीसुद्धा पेन्सिलीचीच असते. रागाच्या भरात नको ते खोडून बसाल.

मुलगी : राग येणार नाही तर काय? बाबा, ही सहा स्क्रीनप्रिंट जमवायला अकरा वर्षं घालवली मी. सहा प्रसिद्ध इमारती, सगळ्यांवर छापील प्रतीचा एकच क्रमांक. माझ्या घरात ओल आहे, म्हणून विश्वासानं तुमच्या कपाटात ठेवली. आणि तुम्ही त्यांवर पेन्सिल चालवलीत?

बाबा : चालवली नाही, दुरुस्त केली. फोर एचच्या कडक पेन्सिलीनं. एकदम बारीक रेघ.

मुलगी : कुणी सांगितलं होतं?

बाबा : या पुलाला सोळा तारा आहेत. या कलाकारानं चौदाच काढल्यात. पूल उभा राहणार नाही.

मुलगी : कागदावरचा पूल आहे तो. तोही जांभळा.

बाबा : रंगाबद्दल मी काही बोललो का?

पारखी : काका नोकरीला कुठे होते?

बाबा : बांधकाम खात्यात. चौतीस वर्षं नकाशे काढले. माझ्या टेबलावरून चुकीचा नकाशा कधी पुढे गेला नाही.

मुलगी : म्हणून चित्रांच्या कोपऱ्यांत 'तपासले' लिहून सही ठोकलीत. तीही कलाकाराच्या सहीला खेटून.

बाबा : तिथेच करायची असते.

मुलगी : ऐका, आणि तो कलता मनोरा? त्यालाही सरळ केलंत.

बाबा : सरळ नाही केला. कलतो हे मला मान्य आहे. पण इतका नाही कलत.

मुलगी : तुम्हाला जगात कुणाचं काही पटतच नाही. पेपर पुसट छापतात म्हणून मला दोनदा पेपरवाला बदलायला लावलात. तिसरा काय वेगळा पेपर आणून देणार होता?

बाबा : तिसऱ्याचाही पुसटच येतो.

मुलगी : परवा संग्रहालयाची माणसं हा संच न्यायला येणार आहेत. पहिल्यांदाच माझ्या नावाची पाटी लागणार होती भिंतीवर. साहेबांचा दाखला नसेल तर ते चित्रं दारातूनसुद्धा आत घेणार नाहीत. कळतंय तुम्हाला?

बाबा : कळतंय ना. चुकीच्या इमारतींखाली तुझं नाव लागलं असतं.

मुलगी : यांच्यापुढे डोकं फोडून घ्यावं नुसतं.

पारखी : ताई, जरा शांतपणे ऐका. रेघा निघतील, पण फोर एचचा दाब कागदात उतरलाय, त्याचे वळ राहणार. खुणा झालेल्या या पाचांची किंमत अर्ध्यावर आली, ते काही लपवता यायचं नाही. पण सहावं, घड्याळाचा मनोरा, अगदी जसंच्या तसं आहे. आणि संचात खरं मोलाचं तेच.

मुलगी : हे बरं सुटलं तुमच्या तावडीतून.

बाबा : त्यात चूक नव्हती.

पारखी : नव्हती कशी, काका? घड्याळाचे आकडे उलटे छापलेत, आरशात दिसतात तसे. कलाकारानं मुद्दामच केलंय. म्हणून तर लोक हे चित्र लांबून ओळखतात.

बाबा : असतील उलटे.

मुलगी : असतील म्हणजे? पुलाच्या दोन तारा मोजून काढणारे तुम्ही, आणि एवढं मोठं उलटं घड्याळ सोडून दिलंत?

बाबा : ते शेवटी घेतलं होतं. गेल्या महिन्यात. पट्टी घेऊन दोन दिवस बसलो. मधोमध नुसतं गुलाबी धुरकट. कडेकडेनं थोडं दिसायचं. म्हटलं, छपाईच तशी असेल. हल्ली सगळंच पुसट छापतात.

मुलगी : पेपर पुसट येत नाही, बाबा.

बाबा : असं?

मुलगी : तोच पेपर मी रोज वाचते. नीट येतो.

बाबा : बरं.

मुलगी : मला सांगितलं का नाहीत?

बाबा : तू यायचीस, चित्र कपाटात ठेवायचीस, निघायचीस. मधे कुठे सांगायचं?

(पारखी दाखल्याचा कागद पुढे ओढतो.)

पारखी : मी असं लिहितो, 'पाच चित्रांवर परक्या हाताच्या खुणा.' संग्रहालयाला आधीच खरं सांगितलेलं बरं. घ्यायचं की नाही, ते ठरवतील.

मुलगी : परक्या हाताच्या नाही. माझ्या वडिलांच्या लिहा.

पारखी : तसं लिहितो. मग काका, खुणा तुम्हीच केल्यात म्हणून खाली तुमची सही लागेल.

बाबा : द्या की. केलंय मी, तर सहीही मीच करणार. कुठे करू?

मुलगी : खाली रेघ आखलीय बघा, तिच्यावर.

बाबा : तू बोट ठेव रेघेवर. मी बोटाला धरून करतो.

मुलगी : ठेवलंय, बाबा. करा.