मेंढरं बाहेर काढायच्या ठरावाबाबत

जबाब, दि. १४ मे २०१९

मी धुळाजी सटवा शिंगाडे, वय ५१ वर्षे, धंदा मेंढपाळ व शेती, रा. खडकमाळवाडी, ता. धारूर, जि. बीड. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी राहतो. शेजारीच माझी धाकटी बहीण चतुराबाई व तिचा नवरा मुंजाजी राहतात. आमच्यात आजपर्यंत भांडण नव्हते. दुष्काळामुळे गावच्या दूध संस्थेने माळावर चारा छावणी चालविली आहे. मोहनराव हे चेअरमन आहेत. संचालक मंडळावर आमच्या समाजाची एक राखीव जागा असते, तिच्यावर चार वर्षांपासून मला बसविले आहे.

चार वर्षांत मी मिटिंगमध्ये बोललेलो नाही. चेअरमनसाहेबांपुढे कोणीच बोलत नाही. काही सांगायचे असल्यास सेक्रेटरी त्रिंबक याच्या कानात सांगायचे, त्याला वाटले तर तो पुढे सांगतो. चेअरमनसाहेबांनी हात वर केला की आम्ही सगळे करतो. हे कधी ठरले ते मला सांगता येत नाही.

दि. ११ रोजी दुपारी तीनच्या सुमारास मिटिंग झाली. त्रिंबकने ठराव वाचला. तो लई भराभर वाचतो आणि माझे ध्यान चहाकडे होते. चेअरमनसाहेबांचा हात वर गेला, माझाही गेला. टँकरचे पाणी पुरत नाही, तरी छावणीत फक्त गाई-बैल ठेवावेत व मेंढरे बाहेर काढावीत, असा तो ठराव होता, हे मला बाहेर आल्यावर कळाले. छावणीत मेंढरे दोघांचीच होती, माझी आणि मुंजाजीची. 'मेलास की बे धुळ्या,' असे मी स्वतःशीच म्हणालो. परत आत जाऊन विचारावे असे वाटले, पण गेलो नाही. का गेलो नाही ते माझे मलाच उमगत नाही.

दि. १२ रोजी सकाळी वॉचमन बिभीषण याने मेंढरे हाकून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुंजाजीच्या चार गाभण मेंढ्या पाण्यावाचून रस्त्याच्या कडेला मेल्या. माझ्या वाचल्या, मी त्या मिटिंगच्याच रात्री सासरवाडीला धाडल्या होत्या. मुंजाजीला मी सांगितले नव्हते. सांगायला पाहिजे होते.

त्याच दिवशी संध्याकाळी मुंजाजी माझ्या दारात आला व म्हणाला, "पाव्हणं, तुमी कावून हात वर केला?" मला कळालंच न्हाई, असे मी सांगणार होतो. पण तोंडातून भलतेच निघाले. "तुझ्या मेंढरांनीच पाणी संपवलं. छावणी काय तुझ्या बापाची हाय का?" असे मी म्हणालो. हे बोलणे माझे नाही. असे चेअरमनसाहेब आम्हाला बोलतात. त्यावर मुंजाजी म्हणाला, "तिथं तोंड उघडलं न्हाई, आन मला बोलता व्हय?" मला राग आला व मी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याने काठी मारली. माझ्या डोक्याला तीन टाके पडले. चतुराबाई मध्ये पडून शिव्या देत होती, त्या कोणाला होत्या ते समजले नाही. बहुतेक मलाच असाव्यात.

आज सकाळी त्रिंबक लिहून आणलेली फिर्याद घेऊन माझ्या घरी आला. मुंजाजीने मला जिवे मारण्यासाठी हल्ला केला, असे तीत लिहिले आहे. "अंगठा द्या, चेअरमनसाहेबांनी सांगितलंय," असे तो म्हणाला. मुंजाजी कालपासून ठाण्यात आहे. मी अंगठा दिला तर तो आत जाईल आणि माझी बहीण उघड्यावर पडेल. मला लई भ्या वाटले, पण मी अंगठा दिला नाही. पहिल्यांदा मी मारले, हे लिहून घ्यावे. मुंजाजीविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

मग तक्रार कोणाविरुद्ध आहे, असे जमादारसाहेबांनी मला दोन वेळा विचारले. चेअरमनसाहेब बाहेर बाकड्यावर बसलेले आहेत. दार लोटून घ्या, मग सांगतो, असे मी म्हणालो.

हा जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखविण्यात आला. दार उघडेच होते. मी सांगितले तेवढे बरोबर आहे.