विमान जरा वर पाडा

"हॅलो? … हॅलो! … कोण? … थांब, थांब, टाकीवर चढतो. हितं खाली काय ऐकू येत न्हाई…"

कादर आतार यांचा मोबाइल घरात असे, पण त्याची रेंज पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर राहत असे. त्यामुळे टेकाडावरच्या टेपवस्तीवर कुणाचा फोन आला की माणूस आधी वर चढे आणि मग बोले. त्यांची बायको नजमा खाली अंगणात भाजी निवडत बसली होती. वरचं निम्मं बोलणं तिला घरबसल्या कळे, आणि उरलेलं निम्मं ती अंदाजानं दुरुस्त करून घेई.

"हां, बोल आता. … धम्मदीप व्हय! मग तसं सांग की. 'तालुक्याच्या कचेरीतून बोलतोय' म्हणतोस, मी हादरलो ना. … तुझी आजी? येसूबाईला काय झालंय! सकाळीच नजमाशी भांडून गेली, तब्येत चांगली आहे. … काय काम काढलंस?"

"… हां … हां … काय पडणार? … विमान? … कुटं? … आपल्या गावात? या अल्ला! कदी पडलं? … पडलं न्हाई? … पडणाराय. … बुधवारी."

कादरभाई पायरीवर बसले.

"किती वाजता? … साडेदहाला. … अरे, मग आत बसणाऱ्यांना सांगितलं का कुणी? … हसतोस काय? … काय? मॉक काय? … हां, रंगीत तालीम! मग आधी सांगायचं ना गाढवा! म्हंजे विमान न्हाईच. पडलंय असं समजायचं. … अन् बंब, पोलीस, दवाखाना किती मिनिटांत येतात ते साहेब घड्याळ लावून बघणार. … कळलं रे. आमच्या डेपोत बी असायची. आग लागली असं समजायचो. मी सतरा वेळा जळालोय."

देहूरोडच्या डेपोत कादरभाईंनी बत्तीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. वस्तू गोदामात असो नसो, रजिस्टरात असली की ती असते, एवढं ज्ञान घेऊन ते निवृत्त झाले होते. त्यामुळे नसलेलं विमान त्यांना लगेच पटलं.

"मग माझं काय काम? … चाळीस माणसं? … प्रवासी! बारा मयत, अठरा गंभीर, दहा किरकोळ. … मिळतील की. नाष्टा आहे ना? मग मिळतील. पण एक सांगतो, आपल्या वस्तीवरच्या निवृत्तीला किरकोळमध्ये घालू नको. मागं लग्नात त्याला टॉवेल-टोपी उशिरा दिली तर चार महिने बोलत नव्हता. त्याला गंभीर कर. … मयत नको, मयताला साहेबासमोर पोहे कसे देणार? … गोरखला मयत कर. तो तसाबी दुपारपातूर उठत न्हाई."

"अन् पडणार कुटं? … शाळेच्या मैदानात. खालच्या वाडीत. … व्हय, सोयीचं आहे. … काय म्हणालास? कसला रोलर? … पुन्हा बोल."

नजमानं मान वर केली. नवऱ्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. दुकानदारानं चुकून चांगले आंबे स्वस्तातल्या टोपलीत टाकलेले दिसले की कादरभाई असा आवाज काढत.

"रस्ता करणार? घटनास्थळापर्यंत? … डांबरी? … दिल्लीचे साहेब येणार, गाडीला गचका बसायला नको. … मंगळवारपर्यंत. … धम्मा, आज शुक्रवार आहे बाळा. … चार दिवसांत? आमी अकरा वर्षं अर्ज करतोय! … हां, त्यातले पाच तूच टाइप करून दिलेस, दहावीत असताना."

रस्ता गावात नव्हता असं नाही. हायवेपासून निघालेला गुळगुळीत रस्ता खालची वाडी, शाळा, मंदिर, मशीद असं सगळं घेत वर येई आणि पोहण्याचा तलाव असलेल्या एका बंगल्याच्या गेटापाशी येऊन थांबे. तिथून वर टेपवस्तीपर्यंत सहाशे मीटर नुसते दगड. बंगल्याचे मालक वर्षातून दोनदा येत. टेपवस्तीवरची माणसं रोज जात-येत, पण त्यांच्याकडे पोहण्याचा तलाव नव्हता.

"धम्मा, ऐक ना… विमान जरा वर पाड. … वर म्हंजे आभाळात न्हाई रे! वर म्हंजे टेपावर. हितं. … अरे, शाळेपर्यंत रस्ता आहेच की. तितं पाडून उपयोग काय? विमान वाया जाईल! … तुला अधिकार न्हाई? फॉर्मवर 'घटनास्थळ' ही ओळ कोण भरतं? … मग? … पाचपर्यंत पाठवायचाय. आत्ता किती वाजले? … सव्वाचार. लय वेळ आहे. … वैमानिकाला विचारायचं म्हणशील तर… वैमानिकच न्हाई? मग अडचण कुणाची?"

"… सरपंच? नंदाबाईंचं काय? … शाळेपाशी मंडप घालणार. सत्कार ठेवलाय. … विमान पडल्यावर सत्कार? … साहेबांचा. हां. मग सत्कार खाली ठेवा, विमान वर पाडा. एका जागी दोन्ही बरं दिसत न्हाई. लोक नावं ठेवतील."

"हे बघ, आता खरं सांगतो. … न्हाई, आधी बी खोटं न्हवतं. आमची सून, इर्शादची बायको तमन्ना, नवव्यात आहे. … डॉक्टरीणबाईंनी वीस तारीख दिलीय. … आज बारा. … गाडीवाला म्हणतो, पेशंटला गेटपर्यंत आणा, पुढं माझे टायर फुटतात. … कसं आणायचं? तुझ्या आजीला कसं नेलं होतं? खुर्चीला बांबू बांधून. मागचा बांबू तुझ्याच खांद्यावर होता. … हां, अन् खुर्चीत बसून तिनं मला काय काय शिव्या घातल्या! नजमानं त्यातल्या दोन लिहून ठेवल्यात. … पण तमन्नाला खुर्चीत बसवून चालायचं न्हाई रे."

कादरभाईंनी पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं.

"पायलटलाबी तसंच उचलून नेलं होतं. … अरे, खरा पायलट! खरं विमान. माझ्या अब्बांच्या लहानपणी पडलेलं, पलीकडच्या डोंगरात. दोन माणसांचं, एवढुसं. … एक गेला, एक वाचला. पाय मोडला होता. घोंगडीची झोळी करून खाली आणला. … न्हाई, सरकारी माणसं नवव्या दिवशी आली. रस्ता विचारत. तवर पायलटाला नाचणीची भाकरी आवडायला लागली होती. … जाताना म्हणाला म्हणे, इथं रस्ता व्हायला पाहिजे. … हां, तोच पहिला. आमचा अर्ज त्याच्यानंतरचा. … न्हाई रे, रडत न्हाई. टाकीवर वारा आहे."

"… बघतोस? शाबास! … जागामालकाची ना-हरकत लागंल. लागू दे. गोरखच्या वांग्यात पाड. … विचारतो, थांब. गोरख! ए गोरख! तुझ्या वांग्यात विमान पाडलं तर चालंल का?"

बांधापलीकडे गोरखनं हातातलं खुरपं खाली ठेवलं, हे ऐकलं, आणि मग ढेकूळ उचललं.

"न्हाई म्हणतो. … म्हणतो, आयुष्यात मला सरकारनं कदी काय विचारलं न्हाई अन् पहिल्यांदा विचारलं ते हे. … त्याचंबी खरं आहे, वांगी लय छान आलीत. … तुझ्या घरावर? तुझ्या घरावर नको. कचेरीतल्या माणसानं स्वतःच्या घरावर विमान पाडून घेतलं म्हणून उद्या चौकशी लागंल. त्यातून तुझं घर माझ्या अलीकडं. रस्ता तुझ्यापाशी थांबला तर आमचं पुन्हा ते गेटासारखंच. माझ्यापर्यंत आला तर तुझ्या दारावरनं येतोय."

"… मोकळी जागा पाहिजे. … टेपाच्या टोकाला मोकळी जागा एकच आहे, अन् ती मोकळी न्हाई. तितं माझं घर आहे."

खाली नजमाची विळी थांबली.

"लिही. माझ्या घरावर पाड. … शुद्धीत आहे मी. … ना-हरकत देतो की. 'माझ्या राहत्या घरावर विमान पडण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' सही करून फोटो पाठवतो. … काय? 'निवासी' लिहिलं की वर्ग बदलतो? … मोठी दुर्घटना. … मग दोन बंब. … बंबाला रस्ता केवढा लागतो? … बारा फूट! धम्मा, तुला मी सोन्यासारखी पोरगी बघून देतो. … तुझ्याच समाजातली रे, तुमच्या ज्योत्स्नामावशीला सांगतो ना."

"… पण काय? … घरातलं एक माणूस मयत दाखवावं लागतं. … लागतंच? … थांब, बघू. घरात माणसं पाच. इर्शाद साडेदहाला नसतोच, चिक्कीच्या दुकानात असतो. … इफ्फतफुपी नको, अब्बांची बहीण. नव्वदीला टेकलीय, तिला खरं वाटंल. तिनं एक पडलेलं बघितलंय. … तमन्ना गंभीर. हां, पहिली गाडी तिची. दारातनं उचलायची. लिहिलंस? 'दारातनं' लिही. … नजमा …"

नजमानं खालून उत्तर दिलं.

"म्हणते, किरकोळसुद्धा होणार न्हाई. बुधवारी तिची बचत गटाची मीटिंग आहे. … मग राहिलो मी."

"… न्हाई, भीती कसली? पण … पेन्शनला काय होणार न्हाई ना? … हसू नको! तुला काय माहीत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या साली माझा अंगठा त्या मशीनवर उठेना. मी समोर उभा, बाईला नमस्कार केला, तिनं बी केला, अन् म्हणते, तुमी हयात आहात याला पुरावा काय? … तीन महिने! तीन महिने मी बँकेच्या दारात मेलेला होतो. चहावाला तेवढा ओळखायचा. … अन् हे तर सरकारी कागदावर, शिक्क्यानिशी. … 'तालमीपुरता' असं घालशील? … कंसात? अरे, कंसातलं कोण वाचतं? डेपोत मी बत्तीस वर्षं कंस लिहिले. एकानं वाचला न्हाई."

खाली तमन्ना कमरेवर हात ठेवून अंगणात येरझारा घालत होती. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं. ती अंगणाच्या कडेपर्यंत जाई, जिथून दगडांचा उतार सुरू होतो तिथं थांबे, खाली बघे, आणि परत फिरे. कादरभाईंनी तिच्या तीन फेऱ्या मोजल्या.

"लिही. कादर अमीन आतार, वय सदुसष्ट, मयत. … हां, कंसात तालमीपुरता. … आगं, तू मधे कशाला… आगं, कागदावर! … ऐक ना नजमा, कागदावर मेलोय! … धम्मा, ती विचारते, विमान पडलं तवा मी काय करत होतो असं लिहिलंय. … लिहिलं न्हाई? ती म्हणते, बरं झालं. लिहिण्यासारखं काय नसतंच म्हणते."

"… लोकेशन पाठवलं. आलं का? … ठिपका कुटं पडलाय? … अंगणात नको, उंबऱ्यावर घे. अंगणात घेतलास तर ते डांबर तुळशी—आपलं, मेंदीच्या झाडापाशी थांबवतील. ठेकेदाराची जात मला माहीत आहे. … हां, उंबऱ्यावर. … आता वाच सगळं एकदा. … हं … हं … 'विमान घराच्या छपरावर कोसळून', हां … 'घरमालक जागीच', बरं … जागीच कशाला पण? थोडं बोलू दे की. … रकाना न्हाई. बरं, जागीच."

"मंगळवारपातूर नक्की ना? … रोलर उद्याच निघतोय. कसम खा. … बाबासाहेबांची शपथ घेतलीस, आता मला काळजी न्हाई. … अन् धम्मा, रस्ता झाल्यावर बुधवारी विमान पडलं न्हाई तरी आमची कायबी तक्रार न्हाई. तसं साहेबांना सांग. … बरं, नको सांगू."

"पाठव मग. पाच वाजत आले. … अजून काय राहिलं? … एक रकाना. … 'अपघाताचे संभाव्य कारण'. … काय लिहितात लोक? … पक्षी, धुकं, इंजिनात बिघाड. …"

कादरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. भांडारातली वस्तू कमी भरली की कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, हा त्यांचा नोकरीभरचा विषय होता. आजवर तिथं ते उंदीर लिहीत आले होते.

"लिही, रस्ता नव्हता. … अरे, विमानाला रस्ता लागत न्हाई ते मला कळतं. … तू लिही. … चूक आहे तर असू दे. … साहेब वाचतील? … मग वाचू देत की! ठेवतो."