डाळ ओतणार नाही म्हणे!

वाटीत! अहो, वाटीत दिली त्यानं मला डाळ, तापाचं औषध दिल्यासारखी एवढीशी! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी त्या हनीफाच्या दुकानात रोज सकाळी त्याच एका खुर्चीवर बसून रोटी चनाय, म्हणजे मैद्याची पदरांची रोटी, खातोय, आणि बावीस वर्षं रोटीवर डाळ कशी? तर ओतून! पूर आला पाहिजे ताटलीत, रोटी बुडाली पाहिजे... आमचं अख्खं ताइपिंग गाव असंच खातं. आणि एके दिवशी हा गृहस्थ रोटी इकडे ठेवतो, वाटी तिकडे ठेवतो आणि वर मान वेळावून म्हणतो कसा, "मास्तर, आजपासून बुडवून खायची. ओतली की माझी रोटी मऊ पडते, तिचा कुरकुरीतपणा वाया जातो." माझी रोटी! मोठा कलावंत लागून गेलाय!

मी ऐकून घेणार? तीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होतो मी, रिटायर झालो म्हणून काय आवाज गेला? भरल्या दुकानात उभा राहिलो आणि म्हणालो, "आहे काय रे त्यात? मैदा, पाणी, मीठ! घरी करून खाईन, पण तुझ्या रोटीला पुन्हा हात लावला तर नावाचा अरुळनाथन नाही!" तर तो तव्यावरून मानसुद्धा वर न करता म्हणतो, "करा की." आणि माझा बावीस वर्षांचा दोस्त, तो टेक सेंग, शेजारी बसून चहा भुरकतोय... एक शब्द बोलेल तर शपथ!

घरी आलो तर आमची मंगळम म्हणते, "अहो, जा, गोड बोला आणि खाऊन या. नसते उपद्व्याप कशाला?" गोड बोलू? मी? आहे काय त्यात! मैदा मळला, गोळे केले, मार्जरीनमध्ये रात्रभर लोळवले. आता राहिलं काय, तर गोळा थापायचा आणि झोके देऊन देऊन पातळ करायचा. अहो, तीस वर्षं मी पोरांना थाळीफेक शिकवलीय, मला झोका शिकवता? पाय रोवले, कमरेतून वळलो, मनगट फिरवलं आणि सोडली... सोडलीच ना! थाळीफेकीत सोडायची असते, हिच्यात शेवटपर्यंत धरून ठेवायची असते, हे आधी नको का कुणी सांगायला? गेली ती खिडकीतून, थेट पपईच्या झाडावर! आणि मंगळम काय विचारते? "किती मीटर हो?"

तुम्हाला सांगतो, दहा दिवस असे गेले की रोटी चावताना माझी कवळी दोनदा बाहेर आली. मंगळम आपली समोर बसून ब्रेड खातेय, वर म्हणतेय, "आहे काय त्यात?" आणि डाळ! तुरीची डाळ, बटाटा, वांगं, वरून कढीपत्ता-मिरचीची फोडणी... सगळं घातलं, पण हनीफाच्या डाळीची चव काही येईना. येणार कशी? त्याची एकच पळी कोंबडीच्या रश्श्यातून माशाच्या कालवणात, तिथून डाळीत... दिवसभर गावभर हिंडत असते ती! असली भानगडीची पळी माझ्या घरात कुठून आणू? थू!

खाण्याचं सोडा हो, खरं दुखणं निराळंच. आमच्या गॅलरीतून ते दुकान दिसतं. माझी खुर्ची दिसते. टेक सेंग रोज त्या खुर्चीवर आपला पेपर ठेवायचा, म्हणजे कुणी बसू नये... आणि एकोणिसाव्या दिवशी बघतो तर पेपर नाही! कुणी एक लठ्ठ्या बसलाय, माझ्या खुर्चीत, आणि टेक सेंग त्याच्याशी हसतोय! रडू आलं म्हणालात तरी चालेल.

आणि नेमकी त्याच दिवशी रोटी जमली! टेबलाची फळी दिसेल इतकी पातळ, गुंडाळी करून तव्यावर टाकली तर पदर सुटले, दोन तळहातांत टाळी देऊन फुलवली तर अशी काही फुलली म्हणता... म्हटलं, आता दाखवतोच! दोन रोट्या डब्यात घातल्या आणि तडक दुकानात. लठ्ठ्याला उठवला, बसलो, डबा उघडला आणि ओरडलो, "हनीफा! तुझ्या रोटीला हात लावत नाही. ही माझी आहे, खाऊन बघ!"

त्यानं एक तुकडा मोडला. चावला. चावला. चावतोय... मग आत गेला, ती गावभर हिंडलेली पळी घेऊन आला आणि माझ्या रोटीवर डाळ ओतली. एक पळी, दोन, तीन... पूर आला!

मी म्हटलं, "अरे, तू तर ओतणार नव्हतास?"

"मास्तर, माझी रोटी भिजली तर जीव तुटतो," तो म्हणाला. "हिचं काय, ही भिजली तरच घशाखाली उतरेल!"

टेक सेंगला ठसका लागला. आणि मी? काय करणार, डाळ समोर होती, गरम होती... खाल्ली.

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, रोज पाचला उठतो, रोट्या करतो, डबा भरतो आणि हनीफाच्या दुकानात जाऊन माझ्या खुर्चीत बसून घरचं खातो. आहे काय त्यात? मैदा, पाणी, मीठ... आणि त्या मेल्याची पळी!