अंगठा डब्यात

अहो, माझं मत कसलं विचारताय? मत विचारलं म्हणूनच तर अंगठा गेला! तुम्हाला सांगतो, सकाळचे दहा, मी आपला कटर मशीनवर फळी सरकवतोय आणि मागे माझा मेहुणा नि माझा साडू भांडतायत. विषय काय, तर दवाखाने सरकारनं चालवावेत की नाही. मेहुणा सरकारी कचेरीत कारकून, त्याचं म्हणणं, "माणूस आजारी पडला की ती सरकारची जबाबदारी, संपलं." साडूचं लोखंडी सामानाचं दुकान, तो म्हणतो, "सरकारच्या हातात जिवंत माणूस दिला तर परत फाइल मिळते." आणि मग दोघं एकदम माझ्याकडे, "तुमचं काय मत?" मी वळून बघितलं... खट्.

बायकोनं मात्र डोकं चालवलं. हाताला टॉवेल आवळला, अंगठा पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात, आणि दोघांना दम भरला, "सहा तासांत जोडता येतो म्हणतात. पळा. आणि तोंडं बंद." उजवा अंगठा हो! तो गेला तर रंधा मी कशानं धरायचा, पायानं?

निघालो साडूच्या टेम्पोतून. मी मागे सामानात, त्याचं दार आतून उघडत नाही. चौक आला. डावीकडे सरकारी दवाखाना, उजवीकडे खासगी, दोन्ही पाच-पाच मिनिटांवर. मेहुणा म्हणतो, डावीकडे. साडू म्हणतो, गाडी माझी, उजवीकडे. मेहुण्यानं स्टिअरिंग धरलं, साडूनं मेहुण्याची मानगूट धरली, आणि टेम्पो कुणाचंच न ऐकता सरळ जाऊन खांबावर. काच फुटली, मी पत्र्यावर आपटलो, आणि अंगठा डब्यात!

आता थांबतील ना? छे. खाली उतरून जुंपली. साडूनं मेहुण्याचं नाक फोडलं, मेहुण्यानं साडूच्या कानाचा असा लचका तोडला की मला वाटलं, आता आणखी एक डबा लागणार. लोक जमले. म्हटलं, सोडवतील. कसले सोडवतायत! एकानं विचारलं, "भांडण कशावरून?" कारण कळल्यावर तोच बाह्या सरसावून म्हणाला, "माझ्या आईला सरकारी दवाखान्यात तीन दिवस जमिनीवर झोपवलं होतं," आणि दिली मेहुण्याच्या पाठीत लाथ. दुसरा ओरडला, "आणि माझ्या बापाला खासगीवाल्यांनी मेल्यावर दोन दिवस मशीनवर ठेवला," आणि घातली लाथ मारणाऱ्याच्या डोक्यात खुर्ची. पानवाला, रिक्षावाले, शाळेचे मास्तर, अख्खा चौक दोन बाजूंना. दात पडतायत, सदरे फाटतायत. आणि सगळे खरंच बोलत होते हो, हेच तर वाईट वाटलं मला. पण अंगठा डब्यात!

कुणीतरी दार उघडलं म्हणून मी उतरलो, तर मेहुण्यानं माझ्या हातातला डबा हिसकावला आणि हाणला साडूच्या टाळक्यात. साडू आडवा. डबा उघडा. बर्फ रस्त्यावर. मी एका हातानं, लोकांच्या तंगड्यांतून रांगत, शिव्या देत, स्वतःचा अंगठा शोधतोय... कधी आली अशी वेळ तुमच्यावर? सापडला, पिशवीवर कुणाचा तरी बूट. सरबतवाल्याकडून बर्फ घेतला. पुन्हा अंगठा डब्यात.

तेवढ्यात पोलीस. घातले सगळे गाडीत, मलाही. हवालदार म्हणतो, "डब्यात काय?" म्हटलं, अंगठा. म्हणतो, "कुणाचा?" म्हटलं, माझाच. म्हणतो, "पुरावा आहे, ठेवा टेबलावर." जबाब लिहून सुटेपर्यंत पाच वाजले. ते दोघं टाके घालून घ्यायला गेले, एक डावीकडे, एक उजवीकडे, तिथंही हट्ट सोडला नाही. मी चालत निघालो, पाय नेतील तिकडे. शिरलो खासगीत.

हाताचा डॉक्टर शांत माणूस. डबा उघडला, बघितलं, पुन्हा बंद केला. "आता नाही हो जमणार. दोन तास आधी यायचं होतं."

मी विचारलं, "कुठं, इथं की तिकडं?"

"कुठंही," म्हणाला. "या भागात हाताचा डॉक्टर मी एकटाच. दुपारी दोनपर्यंत तिकडे असतो, तीननंतर इकडे, आणि तातडीचं असलं की बोलावतील तिथं."

डबा काखेत मारला आणि घरी आलो.

त्या दोघांना हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर लगेच सुरू होतील, दोनच्या आधीचा डॉक्टर चांगला की तीननंतरचा... आणि मग माझ्याकडे वळून विचारतील, तुमचं काय मत?