भीमाबाईंच्या ओट्याचा टवका

...नाही, पण मी म्हणतो, स्वयंपाकघरातल्या ओट्याचा एवढा धाक कशाला? दगडच ना शेवटी? पण हे मोहोपाड्याच्या प्रबुद्धला कोण सांगणार... कारण तुम्हाला सांगतो, त्याच्या आईनं, भीमाबाईंनी, उभा जन्म कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांच्या ओट्यावर भाकऱ्या थापल्या, आता कुठे स्वतःचं घर झालं, तर काळाभोर ग्रॅनाइट स्वतः पसंत करून बसवून घेतला, आणि बसवल्यापासून त्यावर काय केलं? वर्तमानपत्रं अंथरली. भाकरी आपली खाली जमिनीवर, परात घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. प्रबुद्धनं चहाचा कप नुसता टेकवला तरी, "डाग पडंल रं, उचल तो."

तर म्हातारी गेली कोंडाणे गावी बहिणीकडे, आणि ह्या शहाण्याला सुचलं, आई यायच्या आत मसाल्याच्या डब्यांना फळी ठोकून टाकू. हातोडी सुटली. खाली एवढी फरशी होती, पण नाही... नेमकी ओट्याच्या काठावर, आणि टवका उडाला. चिंचोक्याएवढा हो, दगडच ना शेवटी? पण प्रबुद्ध खाचेवरून बोट फिरवतोय, तेवढ्यात आईचा फोन, "उद्या संध्याकाळी येते रं, भाजीला रानातली करटोली आणते."

करटोली कुणाला सुचतायत? हा पळाला खालापूरला. दुकानदार म्हणतो, "दगडाचा काळा गोंद संपलाय, पांढरा देऊ? उठून दिसेल." आता उठून दिसायलाच तर नको होता ना... शेवटी फरशी बसवणाऱ्या नागूला फोन लावला. नागू म्हणाला, "साधा, बिनरंगाचा घे, आणि उडालेल्या दगडाची पूड कालव त्यात, रंग जुळंल." मग गुडघ्यावर रांगत तुकडे वेचले, खलबत्त्यात कुटले, काठाला चिकटपट्टी लावून खाच भरली, रात्रभर वाळू दिली, सकाळी ब्लेडनं तासली. झकास जमलं होतं हो, तिथंच थांबायचं ना? पण नाही, पॉलिश पेपर घेऊन घासत बसला, घासत बसला... आणि आजूबाजूची सगळी चकाकी गेली. टवका चिंचोक्याएवढा होता, डाग भाकरीएवढा झाला.

भीमाबाई आल्या. प्रबुद्धनं घाईघाईनं पसरलेलं वर्तमानपत्र उचललं. डागावरून हात फिरवला, परत फिरवला.

"हातोडी पडली, आई."

"पायावर नाय ना पडली?"

"नाय."

बाईंनी सगळी वर्तमानपत्रं गोळा करून कोपऱ्यात टाकली, परात ओट्यावर घेतली, आणि उभ्यानं पीठ मळायला लागल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाबा. लई दिवस जीव टांगणीला होता, पयला डाग कधी पडतोय म्हणून. पडला एकदाचा." आणि प्रबुद्धला, तुम्हाला सांगतो, इतकं हलकं वाटलं की तो ओट्याला टेकून हसतच सुटला. दगडच ना शेवटी?

पण हलकं वाटणं किती टिकावं? बाईंनी आळीभर सांगितलं, "माझा पोरगा ओटे बरे करतो." झालं... कुणाच्या ओट्याला चरे, कुणाचा काठ फुटलेला, सुट्टी गेली की हो त्याची. परवा शेजारच्या सुंदराकाकूंनी बोलावलं. हा गोंद, ब्लेड, पॉलिश पेपर, सगळं घेऊन हजर. काकू म्हणाल्या, "माझा ओटा बराय रं, तू तेवढा मिक्सर बघ, बंद पडलाय."

बघतोय बिचारा.