‘हं’ म्हणजे सहमत

भाची : हसू नकोस ना, आत्या! साडेसहा वाजलेत. सातच्या आत हा अहवाल हॉस्पिटलच्या समितीला गेला पाहिजे.

आत्या : हसू नको तर काय करू? परत सांग. बाईनं ‘हं’ म्हटलं की तू काय लिहायचीस?

भाची : सहमत.

आत्या : सहमत! अगं, तुझे काका तीस वर्षं मला ‘हं’ म्हणताहेत. भिंतीत एक खिळा ठोकून मिळालेला नाही अजून.

भाची : तेव्हा नाही कळलं गं. इंटर्नशिपचा दुसराच आठवडा होता. सर म्हणाले, सॉफ्टवेअर घडवायचं तर वापरणाऱ्यांना सोबत घेऊनच. म्हणून बारा नर्सना बोलावून सात बैठका घेतल्या. रेकॉर्डिंग माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, कोण कशाला सहमत होतंय ते टिपत जा.

आत्या : आणि तू बसलीस टिपत.

भाची : तीनशे बारा वेळा. सर एवढे खूश! पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत, ‘सहमती ब्याण्णव टक्के’.

आत्या : धन्य आहेत तुमचे सर! बारा बायका ड्यूटी संपवून आलेल्या, पाय सुजलेले, आणि हा बाबा पडद्यावर रंगीत चौकोन दाखवतोय. त्या ‘हं’ नाही म्हणणार तर काय टाळ्या वाजवणार? वीस वर्षं वॉर्डात सिस्टर आहे मी. आमच्याकडे एक ‘हं’ म्हणजे ऐकू येतंय. एक म्हणजे आटप आता. आणि एक म्हणजे, बोलून घे बाबा, मी करायचं तेच करणार आहे.

भाची : तेच आज दुपारी कळलं. शेवटची बैठक परत ऐकत होते. सर विचारतात, ‘ड्यूटी बदलताना दोघींनी खाटेपाशी उभं राहून औषधं ताडून बघायची गरजच उरणार नाही. स्क्रीनवर टिक केली की झालं. चालेल ना?’ त्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर म्हणतात, ‘हं.’ आणि मग शेजारणीला हळूच, ‘याला एकदा त्या खाटेवर झोपवा.’

आत्या : शाब्बास!

भाची : मी ‘हं’ तेवढा टिपला होता. पुढचं ‘अस्पष्ट’ म्हणून सोडून दिलं होतं.

आत्या : थांब, थांब. म्हणजे हा कागद गेला की त्या वॉर्डातली खाटेपाशीची तपासणी बंद?

भाची : सोमवारपासून. ‘नर्सच्याच इच्छेनुसार’ असं लिहिलंय.

आत्या : अगं ए शहाणे! माझ्या वॉर्डात कुणी नुसतं ‘हं’ म्हटलं ना, तर मी तिला औषधाचं नाव आणि मात्रा परत म्हणून दाखवायला लावते. एक जण अशीच ‘हं’ म्हणून पाचच्या जागी पन्नास टोचायला निघाली होती. खाटेपाशी दुसरी उभी होती, म्हणून तो माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला. लाव फोन तुझ्या सरांना.

भाची : आत्या, शिफारसपत्र त्यांनीच द्यायचंय. पुढच्या शिक्षणाचा सगळा प्रवेश त्याच्यावर आहे माझा.

आत्या : लाव. स्पीकरवर ठेव. मी तोंड उघडणार नाही.

भाची : तू?

आत्या : लाव म्हटलं ना!

(फोन लागतो. पलीकडे माणसांचा गलबला.)

सर : बोल, बोल. गेला अहवाल?

भाची : नाही सर. एक मोठी चूक झालीये. माझीच.

सर : हं.

भाची : मी प्रत्येक ‘हं’ला सहमत धरलं. आज सगळं पुन्हा ऐकलं. खरोखर ‘हो’ म्हणाल्यात त्या जागा एकेचाळीसच आहेत.

सर : हं, हं.

भाची : आणि खाटेपाशीची तपासणी बंद करायला तर एकीनंही होकार दिलेला नाही, सर.

सर : हं... अहो, ती खुर्ची तिकडे नको, डावीकडे घ्या, डावीकडे! हं, बोल.

भाची : म्हणून ब्याण्णव टक्के काढून खरा आकडा घालते. तपासणी बंद करायची शिफारसही काढते. चालेल ना, सर?

सर : हं. हे बघ, माझं भाषण आहे आता पाच मिनिटांत, ‘वापरणाऱ्याचं ऐका’ म्हणून. तू पाठवून टाक. सातच्या आत. ठेवतो.

भाची : ऐकलंच नाही गं त्यांनी! एक शब्द ऐकला नाही!

आत्या : सहा.

भाची : काय सहा?

आत्या : ‘हं’. बोटांवर मोजत होते मी. तुमच्याच रीतीनं सहा वेळा सहमत झालाय तुझा सर. घाल खरा आकडा आणि धाड. आणि वर स्वच्छ लिही, मोजण्यातली चूक माझी होती, सरांना फोनवर सांगितली आहे.

भाची : सकाळी वाचतील तेव्हा खवळतील. पत्र गेलं माझं, आत्या. वर्ष गेलं.

आत्या : हं.

भाची : हा कुठला ‘हं’?

आत्या : ऐकलं, हा. पाठव तू. मी बसलेय इथं.